गेमवाले निसारभाई आणि आमचा रविवार

किस्से म्हणजे घरातल्या जुन्या चार्जरसारखे. मुद्दाम कुणी जमवत नाही आणि टाकूनही देत नाही. एखाद्या दिवशी काहीतरी शोधायला ड्रॉवर उघडावा, एक वायर ओढावी, तर तिला गुंडाळलेले आणखी चारपाच बाहेर येतात. आमच्या निसारभाईंच्या दुकानाचं असंच झालंय. एकाने तोंड उघडलं की बाकीच्यांचे आपोआप निघतात.

दुकान धुळ्यात, गल्ली नंबर पाचमध्ये. आधी तिथं रेडिओ आणि टेप दुरुस्त व्हायचे. मग मी शाळेत असताना व्हिडिओ गेम आले. मग सीडी, मग मोबाइल. आता मोबाइलची काच आणि बॅटरी बदलून मिळते, आणि मागच्या बाजूला, पडद्याआड, एक जुना डबा टीव्ही आणि गेमचा सेट अजून आहे. तो विकायचा नाही. तो आमच्यासाठी!

आम्ही म्हणजे चौघं. दुकानाचे मालक निसारभाई. शिंदखेड्याजवळ मिरची आणि कापूस करणारा हेमराज, जो शाळेसाठी मामाकडे धुळ्यात राहायचा. दीपनगरच्या वीज केंद्रातून रिटायर होऊन मुलाकडे धुळ्यात आलेले नाना. आणि मी, वैशाली. जळगावला ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, माहेर धुळं. महिन्यातून एखाद्या रविवारी आईला भेटायला येते, असं घरी सांगते. आईला भेटतेच. पण आधी दुकान!

*

पहिला किस्सा आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. आबा एसटीत ड्रायव्हर होते.

तेव्हा गेम खेळायला फक्त पोरं यायची. माझा भाऊ प्रमोद शाळा सुटली की तिथंच. आई मला त्याला बोलवायला पाठवायची. मी जायची, दारात उभी राहायची आणि बघतच बसायची. एक दिवस निसारभाई म्हणाले, "बेटा, दारात उभी राहून ग्राहक अडवू नको. आत ये, बस." बसले. मग काय! प्रमोदला बोलवायला गेलेली मीसुद्धा परत येईना.

शेवटी आईने आबांना पाठवलं. ड्युटीवरून आलेले, खाकी कपड्यातच. आबा दुकानात शिरले तेव्हा माझ्या हातात रिमोट होता आणि पडद्यावर माझी लाल गाडी उलटीपालटी होत होती. आबांचा आवाज मोठा होता.

"हे काय चाललंय? पोरीला इथं बसवता तुम्ही?"

निसारभाई शांतपणे उठले. म्हणाले, "आबा, तुम्ही ड्रायव्हर माणूस. ही गाडी सारखी आपटते. गेममध्ये बिघाड आहे की पोरीच्या हातात, जरा चालवून सांगा ना."

आता एसटीच्या ड्रायव्हरला गाडी चालवून बघा म्हटल्यावर तो नाही म्हणेल का? आबा बसले. रिमोट धरला, स्टिअरिंगसारखा, दोन्ही हातांनी. गाडी सुटली. आमच्या गाड्या सुसाट जायच्या, आबांची मात्र सांभाळून चालली. मागून गाडी आली की साइड द्यायचे. वळण आलं की अख्खे वळायचे, खुर्चीसकट. एकदा तर त्यांचा अंगठा हॉर्न शोधत होता! सगळ्या गाड्या पुढे निघून गेल्या. आबा शेवटचे आले.

पोरं हसू दाबत होती. आबांनी रिमोट खाली ठेवला, टोपी काढली आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "हसता काय? गाडीला एक ओरखडा तरी आहे का?"

त्यानंतर मला दुकानात यायला आबांनी कधी अडवलं नाही. फक्त निघताना सांगायचे, "साइड देत जा लोकांना."

*

त्या वेळी गेमची कॅसेट अडकली, पडद्यावर नुसत्या रेघा आल्या, की एकच इलाज. कॅसेट काढायची आणि फुंकायची. सगळा भारत फुंकत होता. पण आमच्याकडे स्पेशालिस्ट होत्या. निसारभाईंच्या अम्मी!

अम्मी दुकानाच्या मागच्या खोलीत राहायच्या. मोहल्ल्यातल्या बाया लहान लेकरांना नजर लागली की त्यांच्याकडे आणायच्या. अम्मी काहीतरी पुटपुटून लेकराच्या कपाळावर हळूच फुंकर मारायच्या. हेमराजने हे एकदा पाहिलं आणि न चालणारी कॅसेट घेऊन तो थेट रांगेत उभा राहिला. पुढे एक रडणारं बाळ, मागे हा.

"अम्मी, हिलाही नजर लागलीय."

अम्मींनी कॅसेट उलटसुलट बघितली, ओढणीने पुसली, फुंकली. कॅसेट चालली! आता ती फुंकरीने चालली की ओढणीने, हा प्रश्न आज मला पडतो. तेव्हा पडला नव्हता. त्या दिवसापासून पोरांच्या फुंकरीला किंमत उरली नाही. कॅसेट अडकली की सगळे ओरडायचे, "अम्मींकडे न्या!"

दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी हेमराज आला तो हॉल तिकीट घेऊन. "अम्मी, याच्यावर पण मारा ना एक फुंकर."

अम्मी म्हणाल्या, "बेटा, ये कॅसेट नहीं है. ये तो तेरेकोच चलाना पडेगा."

हेमराजचं तोंड पडलं. अम्मींनी त्याच्याकडे बघितलं, हॉल तिकीट बाजूला ठेवलं, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि फुंकर त्याच्या कपाळावर मारली.

हेमराज पास झाला. पेढे घेऊन पहिल्यांदा कुणाकडे गेला ते सांगायला नको. अम्मी जाऊन आता बरीच वर्षं झाली. मिरचीचं पीक चांगलं आलं की हेमराज पहिल्या तोड्याची पिशवी अजून त्या मागच्या खोलीच्या दारात ठेवतो.

*

आमच्या वेळी गेम सेव्ह होत नसे. हे मी कॉलेजच्या मुलांना सांगते तेव्हा ती माझ्याकडे दयेने बघतात. "मग मॅडम, लाइट गेली तर?"

लाइट गेली तर गेलं! पहिल्यापासून सुरू.

हेमराजचं आयुष्यभराचं दुःख हेच आहे. उड्यांचा एक गेम होता. त्यात शेवटच्या दारापर्यंत आमच्यातलं कुणीच पोचलं नव्हतं. एका दुपारी हेमराज पोचला. अख्खं दुकान त्याच्या मागे उभं. गल्लीतला गोळेवालासुद्धा गाडी सोडून आत आलेला. दार समोर. फक्त एक उडी. आणि फट्! लाइट गेली.

आता पुढचं ऐका. परवा परवा नाना पहिल्यांदा दुकानात आले, मोबाइलची काच बदलायला. बोलता बोलता म्हणाले, "मी दीपनगरला होतो, सगळी सर्व्हिस तिथंच."

हेमराज बाकावर बसला होता. ताडकन उठला. "म्हणजे तेव्हा वीज तुमच्याकडे होती?"

"आमच्याकडे कशी असेल? आम्ही तयार करून पुढे पाठवायचो."

"मग ती मध्येच गेली कुठे, नाना? माझी एक उडी बाकी होती!"

नानांना आधी काही समजेना. निसारभाईंनी सगळी हकीकत सांगितली. नाना गंभीर झाले. त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही, हे मला फार आवडलं. म्हणाले, "आमचा संच त्या वर्षी एक दिवसही बंद नव्हता. पण तुझं नुकसान झालंय हे खरं. चल, आज पुन्हा बस. मी इथं थांबतो."

नाना खरंच थांबले. मोबाइल दुरुस्त होऊन हातात आला तरी हलले नाहीत. हेमराज खेळतोय, नाना मागे खुर्ची टाकून मीटर बघितल्यासारखे टीव्ही बघतायत. चहा झाला. दुसरा झाला. हेमराज पुन्हा त्या दारापाशी पोचला. नाना म्हणाले, "मार उडी, बिनधास्त!"

आणि फट्!

नाना उठले, बाहेर गेले, कोपऱ्यावरच्या खांबाकडे मान वर करून बघितलं, परत आले आणि म्हणाले, "दीपनगरचा संबंध नाही. कावळा बसलाय डीपीवर."

तेव्हापासून नाना आमचे झाले.

*

नानांची नव्या वस्तूंबद्दल ठाम मतं आहेत. त्यांच्या मते यंत्राला एक बटण असावं, ते दाबल्यावर टक् असा आवाज यावा आणि यंत्र चालू व्हावं. "आता टीव्ही लावायचा तर आधी तो विचारतो, तुम्ही कोण? अरे, मी तुला घरात आणला, तू मला विचारतो मी कोण?"

पण किस्सा नानांचा नाही, त्यांच्या बायकोचा. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणतो.

नानांच्या मुलाने घरात तो बोलणारा स्पीकर आणला. त्याला सांगितलं की दिवा लागतो, पंखा बंद होतो, भजन लागतं. आतून एका बाईचा आवाज येतो. मुलगा आणि सून दिवसभर हुकूम सोडायचे. "लाइट बंद कर! गाणं लाव! आवाज कमी कर!" अक्का ऐकत होत्या. त्यांना ते पटत नव्हतं. बाईमाणसाशी असं बोलतात का?

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. अक्का स्पीकरजवळ गेल्या. अक्कांची बोली पक्की खान्देशी. अगदी मायेने म्हणाल्या, "ताई, तेवढा दिवा बंद करी दे वं."

स्पीकर म्हणाला, "माफ करा, मला समजलं नाही."

अक्का म्हणाल्या, "समजनं नही तर ऱ्हाऊ दे. त्यामा माफी कसाले मांगस?"

"माफ करा, मला समजलं नाही."

अक्कांना फारच वाईट वाटलं. त्या उठल्या, दिवा स्वतः बंद केला. संध्याकाळी सून घरी आली आणि आल्या आल्या स्पीकरवर ओरडली. अक्कांनी तिला हळूच आत बोलावलं आणि बजावलं, "तिले नको वरडू. नवी शे बिचारी. शिकी जाई."

सून हे सांगताना हसून हसून लोळली. पण नाना मला नंतर म्हणाले, "ही लग्न होऊन दीपनगरच्या कॉलनीत आली ना, तेव्हा तिला तिथल्या कुणाचीच भाषा कळत नव्हती. सगळ्यांची माफी मागायची." एवढं बोलले आणि चष्मा पुसायला लागले.

*

निसारभाईंच्या बायकोला, शमीमभाभींना, मुलाने मोठा मोबाइल पाठवला. मुलगा पुण्याला नोकरीला. भाभींकडे बटणांचा जुना फोन होता आणि त्यात सापाचा गेम. दुपारची भांडी झाली की भाभी पलंगावर बसून साप खेळायच्या. साप एवढा लांब व्हायचा की पडद्यावर जागा उरायची नाही!

मोठा फोन आला. भाभींनी पहिला प्रश्न विचारला, "इसमें साँप है?"

नव्हता. मग भाभींनी त्या फोनचा उपयोग एकाच कामासाठी केला. पलंगाखाली जुना फोन गेला की मोठ्या फोनचा टॉर्च लावून तो शोधायचा!

ईदला मुलगा आला, त्याने हे पाहिलं आणि मोठ्या फोनमध्ये सापाचा गेम टाकून दिला. रंगीत साप, चकचकीत डोळे, झकास आवाज. भाभी खूश. पण पाच मिनिटांत तणतणत दुकानात आल्या. "ये क्या साँप है? मैं मोडने जाती हूँ और बीच में साडीवाली आ जाती है!"

जाहिरात हो! साप भिंतीजवळ आला की साडीची जाहिरात. मुलगा आईला समजावायला लागला, गेम फुकट असतो ना, म्हणून जाहिरात येते. भाभी म्हणाल्या, "हमारा पुराना साँप भी फुकट था. लेकिन उसने कभी मेरेको साडी नहीं दिखाई!"

निसारभाई काउंटरवरून हळूच म्हणाले, "मी पण नाही दाखवली कधी."

त्या संध्याकाळी निसारभाईंना दुकान लवकर बंद करून भाभींबरोबर बाजारात जावं लागलं. जुन्या फोनची बॅटरी मात्र त्यांनी कुठून कुठून मागवून घेऊन ठेवलीय. दुकानात कितीही मोठं गिऱ्हाईक येवो, ती बॅटरी विकायची नाही.

*

तंत्रज्ञानाचे आभार मानायचे तर हेमराजने मानावेत. त्याच्या शेतातल्या पंपाला मोबाइलवाला स्टार्टर आहे. त्यात सिम असतं. घरून फोन लावला की विहिरीवरची मोटर सुरू. पुन्हा फोन लावला की बंद.

मागच्या हंगामात हेमराज सहकुटुंब लग्नाला गेला. ऐन उन्हाचे दिवस, मिरचीला पाणी द्यायचंच होतं. लग्नाच्या गडबडीत तो साफ विसरला. परत येताना रस्त्यात आठवलं, पण तिथं फोनला रेंज नव्हती. शेतात जाऊन बघतो तर मिरची ओलीचिंब! वाफे भरलेले. आणि मोटर पण बंद!

त्याला वाटलं, बायकोने फोन लावला असणार. बायकोला वाटलं, यानेच. दोघांनी एकमेकांचं मनापासून कौतुक केलं. तो म्हणाला, "लग्नाच्या गर्दीतही तुला आठवण राहिली!" ती म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला शेताचं काही पडलेलं नाही, पण तुम्ही..." असं बराच वेळ चाललं. मग लक्षात आलं की दोघांनीही फोन लावलेलाच नाही.

हेमराज तो स्टार्टरच काढून निसारभाईंकडे घेऊन आला. निसारभाईंनी त्यातली आलेल्या फोनची नोंद काढली. लग्नाच्या दिवशी त्यावर एकाच नंबरवरून दोनदा फोन आलेले. एक फोन दुपारी, दुसरा संध्याकाळी. निसारभाई म्हणाले, "लाव त्या नंबरला."

हेमराजने लावला. पलीकडून गोड आवाज, "नमस्कार सर! आपल्या नंबरवर कॉलर ट्यून सुरू करायची आहे का?"

म्हणजे असं झालं होतं! कॉलर ट्यून विकणाऱ्या बाईंनी दुपारी पंपाला फोन लावला. मोटर सुरू झाली. पंप काही बोलेना म्हणून दिवस कलताना पुन्हा लावला. मोटर बंद झाली. मधल्या वेळात मिरची पिऊन तृप्त!

हेमराजने फोनलाच हात जोडले. म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे माझं शेत वाचलं. तुमचे उपकार कसे फेडू?"

मग बाई म्हणाल्या, "सर, भक्तिगीत देऊ की भावगीत?"

हेमराजने भक्तिगीत घेतलं. त्याच्या पंपाला फोन लावा, आधी अभंग लागतो आणि मग मोटर सुरू होते.

*

माझ्या नोकरीचं पण सांगते. ते राहून जायला नको.

निसारभाईंच्या दुकानात कीबोर्डवाला गेम आला होता. आईवडिलांना "हा कॉम्प्युटर आहे" असं सांगून पोरं तो विकत घ्यायला लावायची. निसारभाई मात्र मला खरंच त्यावर टायपिंग करायला बसवायचे. वरून अक्षरं पडायची, ती जमिनीला टेकायच्या आत दाबायची. माझी बोटं तिथं बसली. पुढे कॉम्प्युटरचं रीतसर शिक्षण झालं, पण कीबोर्डची भीती गेली ती गल्ली नंबर पाचमध्ये.

जळगावच्या कॉलेजात मुलाखत होती. समोर तिघं साहेब. मधल्यांनी विचारलं, "कॉम्प्युटरची सुरुवात कुठे केलीत?" मी घाबरलेली. तोंडातून निघून गेलं, "निसारभाईंकडे."

"ही कोणती इन्स्टिट्यूट?"

"इन्स्टिट्यूट नाही सर. धुळ्यात, गल्ली नंबर पाच. व्हिडिओ गेमचं दुकान."

मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात कडेला बसलेले, इतका वेळ एक शब्द न बोललेले साहेब पुढे झुकले.

"तिथं ती बंदूक होती ना? पक्षी मारायची?"

"होती, सर."

"तुम्ही लांबून मारायचात, की बंदूक टीव्हीच्या काचेला टेकवून?"

"लांबून, सर. काचेला टेकवली तर निसारभाई उठवायचे."

साहेब मागे टेकले. बाकीच्या दोघांना म्हणाले, "घ्या यांना."

*

आता शेवटचा. हा याच हिवाळ्यातला.

दोंडाईच्याहून एक गृहस्थ आले. मिरचीचे व्यापारी, अशोकशेठ. पिशवीत जुना गेमचा सेट, दोन्ही रिमोटसकट, साडीच्या कापडात गुंडाळलेला. मुलीचं लग्न ठरलंय, घराची रंगरंगोटी काढली, तेव्हा माळ्यावरून हा निघाला म्हणाले. "चालू होतोय का बघा. आणि रणगाड्यांच्या गेमची कॅसेट मिळाली तर द्या. सेट आमच्याकडे आहे, कॅसेट नाही."

"कॅसेट कुठे गेली?" निसारभाईंनी सहज विचारलं.

"वाटणीत धाकट्या भावाकडे गेली," अशोकशेठ म्हणाले आणि विषय बदलला.

वाटणी! दुकान, घर, भांडी सगळं अर्धं अर्धं झालं, तसा गेमही झाला होता. एकाला सेट, दुसऱ्याला कॅसेट. दोघांच्याही काही उपयोगाचं नाही! निसारभाईंनी पावती फाडली. सेट ठेवून घेतला.

थोड्या दिवसांनी दुसरे एक गृहस्थ आले. तेही दोंडाईच्याचे, नाव दिनेश. हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. डब्यात कॅसेट. "सगळ्यात वरची आहे ना, रणगाड्यांची, ती खेळता येईल असा एखादा जुना सेट मिळेल का?"

निसारभाईंनी डबा बघितला, माणूस बघितला. म्हणाले, "मिळेल. पण रविवारी या. अकराला." आणि मग अशोकशेठना फोन लावला. "तुमचा सेट तयार आहे. रविवारी या. अकराला."

त्या रविवारी आम्ही चौघंही हजर होतो. मी तर आईला आदल्या दिवशीच भेटून ठेवलं होतं.

अशोकशेठ आधी आले. पडद्याआड बाकावर बसले. थोड्या वेळाने पडदा सरकला आणि डबा घेऊन दिनेश आत आला. दोघांनी एकमेकांना बघितलं. अशोकशेठ उठले आणि चपला शोधायला लागले.

निसारभाई दारात उभे होते, हलले नाहीत. म्हणाले, "शेठ, दोन रिमोट आहेत. दोन्ही चालतात की नाही, मी एकटा कसा तपासू? दोन माणसं लागतात."

"मी बसतो की," नाना म्हणाले. निसारभाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

अशोकशेठ परत बसले, बाकाच्या या टोकाला. दिनेश त्या टोकाला. मध्ये आणखी दोन माणसं मावतील एवढी जागा. निसारभाईंनी कॅसेट लावली. ती ओळखीची धून वाजली आणि हेमराज नकळत मान डोलवायला लागला. पडद्यावर विचारलं, एक खेळाडू की दोन? पहिला रिमोट अशोकशेठच्या हातात होता. बाण 'एक'वर. अशोकशेठ काहीच करेनात. बाहेर एक गिऱ्हाईक "चार्जर आहे का?" म्हणून हाका मारत होतं, त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

मग बाण खाली गेला. दोन.

या गेममध्ये पहिल्या रिमोटचा रणगाडा पिवळा असतो, दुसऱ्याचा हिरवा. अशोकशेठनी गेम सुरू व्हायच्या आत आपला रिमोट बाकावर ठेवला आणि दिनेशकडे सरकवला. पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "पिवळा तू घे."

दिनेशने रिमोट बदलला.

सुरुवातीला दोघं आपापल्या कोपऱ्यात खेळत होते. खाली मधोमध विटांचा किल्ला असतो, तो दोघांचा मिळून एकच. शत्रूचे रणगाडे त्याच्यावर येतात, तो फुटला की दोघांचाही खेळ संपतो. एक लेव्हल झाली. दुसरी झाली. दिनेश एकदम ओरडला, "मांगेथून ई ऱ्हायना, दादा, मांगे देख!" अशोकशेठनी गर्रकन वळून मागून येणारा रणगाडा उडवला. बाकावरची मधली जागा कधी भरली ते आमच्यापैकी कुणी पाहिलं नाही. दोघांचे खांदे एकमेकांना घासत होते.

तिसऱ्या लेव्हलला खूप गर्दी झाली. दोघांचे अंगठे सटासट चालले होते. तेवढ्यात अशोकशेठ, डोळे पडद्यावरच, म्हणाले, "गुरुवारले हळद शे."

दिनेशनेही मान वळवली नाही. त्याचा पिवळा रणगाडा सुसाट वर निघाला होता.

"मांडवनं मी देखी लिसू, दादा," तो म्हणाला. "तू किल्ला संभाळ!"